डाव्या कुशीवर

पाठीवर वाजत खाली येणारं बोट एकदम थांबलं. मास्टरांना ते कळायला क्षणभर उशीर झाला, कारण स्टुलावर उघड्या अंगानं बसून ते समोरच्या हिरव्या पडद्याची शिवण बघत होते. खालची दुमड कुणीतरी घाईघाईत मारलेली, दोरा गडद आणि कापड फिकं. बावीस वर्षांत या वॉर्डातले पडदे तीनदा बदलले, पण सरळ दुमड मारलेला पडदा त्यांना एकदाही दिसला नव्हता. बोट पुन्हा वाजलं. त्याच जागी. डावीकडे, पाठीच्या तळाशी, जिथवर एरवी कुणाचंच बोट पोचत नाही. तो आवाज मास्टरांनीही ऐकला. भरलेल्या कापडाच्या ताग्यावर थाप मारली की येतो तसा, ठस्स, जागच्या जागी मरणारा. परीक्षेला बसलेली मुलगी दोन बोटं वर सरकली, तिथे वाजवून बघितलं. पोकळ. पुन्हा खाली. ठस्स. "काका, एक दोन तीन म्हणा," ती म्हणाली. मास्टर म्हणाले. तिनं तळहाताची कड त्यांच्या पाठीवर टेकवली होती. "पुन्हा म्हणा." ते पुन्हा म्हणाले. एखाद्या बंद घराचं दार ठोठावून कुणी आहे का याची वाट बघत उभं राहावं, तसा तो हात थोडा वेळ तिथेच राहिला.

मास्टरांना या परीक्षेची सवय होती. एकोणिसाव्या वर्षी त्यांना क्षय झाला होता, औषधांनी तो बरा झाला, पण जाताना उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग सुकवून गेला. त्यामुळे उजवा खांदा उतरला, गळ्यातली श्वासनळी उजवीकडे ओढली गेली, छातीची ती बाजू बसकी झाली आणि बोटांची टोकं फुगून नखं पोपटाच्या चोचीसारखी वाकली. शिवताना बोटात घालायची पितळी टोपी त्यांच्या बोटात कधीच नीट बसली नाही. हे सगळं शिंप्याच्या दुकानात अडचणीचं होतं आणि डॉक्टरीच्या परीक्षेत सोन्यासारखं. दरवर्षी शेवटच्या वर्षाची मुलं परीक्षेला बसली की वॉर्डाच्या सिस्टरचा फोन यायचा, "मास्टर, येताय ना? तुमच्याशिवाय आमचं पान हलत नाही." वॉर्डाचे मोठे डॉक्टर त्यांची ओळख करून देताना म्हणायचे, "हे आमचं पुस्तक. सगळी लक्षणं ठळक टायपात." मुलं हसायची. मास्टरही हसायचे. बायको म्हणायची, "घरात कुणी विचारत नाही आणि तिकडे पोरं रांग लावतात." ती थट्टा होती, पण खोटं काही नव्हतं. दुकान बंद झाल्यापासून ते घरीच पँटी आखूड करून द्यायचे, चेनी बदलून द्यायचे. वर्षातून हे चार दिवसच असे होते की कुणीतरी त्यांची वाट बघत असे.

मुलांचीही एक रीत ठरलेली होती. पडदा ओढला की मुलगा आधी मागे बघायचा, मग वाकून कानाशी पुटपुटायचा, "काका, कुठली बाजू?" मास्टर बोलायचे नाहीत, कारण सांगायचं नाही असा नियम होता. ते नुसता उजवा खांदा खाजवायचे. बुडत्याला तेवढी काडी पुरायची. मग पोरगा घाईघाईनं उजवीकडे पुढून वरच्यावर वाजवणार, गळ्यात बोट घालून श्वासनळी चाचपणार, नखं बघणार आणि राहिलेला वेळ पाठ केलेलं घोकत बसणार. या मुलीनं विचारलं नाही. मास्टरांनी आपणहून खांदा खाजवला, तर म्हणाली, "खाज येतेय का? मी थांबते." आधी नुसती उभी राहून त्यांच्या छातीकडे बघत राहिली, त्यांना कळू न देता श्वास मोजले. मग हात एकमेकांवर चोळून म्हणाली, "हात गार आहेत माझे, चालेल?" बावीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. आणि आता ती त्यांच्या मागे, बहुतेक गुडघ्यावर, बसली होती, आणि तिचा श्वास त्यांच्या पाठीला लागत होता.

"काका," तिनं विचारलं, "हल्ली डाव्या कुशीवर झोपता का?"

मास्टर म्हणाले, "नाही."

शब्द बाहेर पडल्यावरच त्यांच्या लक्षात आलं की आपण खोटं बोललो. दोन महिने ते डाव्या कुशीवरच झोपत होते. उजव्या कुशीवर वळलं की छातीवर कुणीतरी बसल्यासारखं व्हायचं. बायकोनं न बोलता एक उशी वाढवली होती. जिना चढताना मधल्या वळणावर ते थांबायचे आणि खिडकीतून खाली बघितल्याचं सोंग करायचे. पण हे त्यांनी स्वतःलाही अशा ओळीत मांडून कधी सांगितलं नव्हतं, आणि आता ही पोरगी, जिचं नावही त्यांना ठाऊक नव्हतं, एका प्रश्नात सगळं ओवून मोकळी झाली होती. "वजन कमी झालंय?" "नाही." "दम?" "नेहमीचाच." ती उठून पुढे आली. मग त्यांच्या खांद्यावर सदरा टाकून म्हणाली, "थंडी वाजेल. घाला."

घंटा झाली. मोठे डॉक्टर आणि बाहेरून आलेले परीक्षक पडद्याच्या आत आले. परीक्षकांनी घड्याळात बघितलं. परीक्षेचा शेवटचा दिवस होता, दुसऱ्या रुग्णांकडे अजून सात मुलं राहिली होती आणि जेवणाची वेळ टळून गेली होती. मुलगी सांगायला लागली. उजवीकडचं सगळं तिनं नीट सांगितलं, परीक्षक मान हलवत होते. मग ती म्हणाली, "आणि सर, डावीकडे तळाशी आवाज पूर्ण बद्द आहे, श्वास ऐकू येत नाही, बोलताना हाताला कंप लागत नाही. डाव्या बाजूला पाणी असावं." परीक्षकांची मान थांबली. त्यांनी मोठ्या डॉक्टरांकडे बघितलं. मोठ्या डॉक्टरांनी हातातला कागद बघितला. तो सकाळी एका शिकाऊ डॉक्टरनं भरला होता, म्हणजे मागच्या वर्षीच्या कागदावरून उतरवला होता. सकाळी मास्टरांना कुणी हात लावलाच नव्हता. "डावी बाजू नॉर्मल आहे," मोठे डॉक्टर म्हणाले. "मी बावीस वर्षं ओळखतो यांना." परीक्षकांनी सदऱ्यावरूनच, खांद्याच्या जरा खाली, तपासायची नळी टेकवून काढून घेतली. "मास्टर," मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "काही नवीन त्रास? दम वाढलाय? झोपताना काही?"

मुलगी मास्टरांकडे बघत होती. विनवणी नव्हती त्या बघण्यात. ती फक्त उत्तराची वाट बघत होती.

"नाही, डॉक्टरसाहेब. नेहमीसारखंच."

परीक्षक इंग्रजीत काहीतरी म्हणाले. त्यातला 'इमॅजिनेशन' एवढा शब्द मास्टरांना कळला. मुलीनं मान खाली घातली, नळीची घडी केली, ती खिशात जाईना, म्हणून पुन्हा उलगडून गळ्यात घातली. पडदा बाजूला झाला, पडदा पडला. मास्टर सदऱ्याची बटणं लावत बसले. वरचं बटण खालच्या काजात गेलं. चाळीस वर्षं शिवणकाम केलेल्या माणसाचं बटण चुकलं हे त्यांना स्पष्ट दिसलं, आणि ते तसंच ठेवून ते बसस्टॉपवर आले.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. बाहेर दुकानं, एक बंद शाळा, रस्ता खणून ठेवलेला. पाणी म्हणजे काय ते मास्टरांना माहीत होतं. या वयात, या छातीत, पाणी आपणहून येत नाही. कुणीतरी ते आणतं. वॉर्डात बसून बसून एवढं कानावर पडलं होतं. आता आपल्याला भीती वाटेल, असं वाटून त्यांनी वाट बघितली. गिऱ्हाइकाचा कोट दुरुस्तीला घेताना आपण सगळे खिसे चाचपतो, तसं त्यांनी स्वतःला चाचपलं. वरचा खिसा, आतला खिसा, चोरखिसा. हाताला काही लागलं नाही. उतरायचा स्टॉप मागे पडला तेव्हा ते पुढच्या स्टॉपवर उतरून चालत आले, सावकाश, दोनदा थांबून.

"कसं झालं?" बायकोनं विचारलं. ती ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. "नेहमीसारखंच," मास्टर म्हणाले. बायकोनं वळून त्यांच्या सदऱ्याकडे बघितलं, पुढे आली, बटणं सोडली आणि बरोबर लावली. ती अशीच होती. लग्नाआधी मास्टरांनी तिला आजाराचं सांगितलं होतं, तिच्या वडिलांच्या दुकानाबाहेरच्या बाकावर बसून. न सांगता लग्न करायचं नाही हे त्यांनी मनाशी ठरवलं होतं, कारण आजारात आईनं त्यांचं ताट-भांडं वेगळं केलं होतं आणि बरं झाल्यावरही ते बरेच दिवस वेगळंच राहिलं होतं. मुद्दाम नाही, नुसतं राहून गेलं म्हणून. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आता दम लागतो का?" ते म्हणाले, "नाही." ती म्हणाली, "मग झालं तर." लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ती त्यांच्याबरोबर एक चढ चढली, आणि अर्ध्या वाटेत स्वतःच थांबून म्हणाली, माझी चप्पल चावतेय, बसू या जरा. चप्पल चावत नव्हती. मास्टरांना तेव्हाही कळलं होतं. तीस वर्षं त्यांचा संसार असा चालला होता, की एकानं नाही म्हणायचं आणि दुसऱ्यानं चप्पल चावतेय म्हणायचं. त्यात कुणाचं वाईट झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्या मास्तरणीच्या दोन पँटी आखूड केल्या. तिसऱ्या दिवशी बायको बाजारात गेली तेव्हा ते आरशासमोर उभे राहिले आणि टेप घेतली. पाठीच्या कण्यावर शून्य धरायचं आणि पुढे छातीच्या मध्यापर्यंत आणायची, एकेका बाजूनं. उजवी बाजू श्वास घेताना जेमतेम अर्धा इंच हलायची, हे जुनं माप होतं. डावीकडे टेप लावून त्यांनी श्वास घेतला. टेप हलली नाही. पुन्हा घेतला. कापड दोन्हीकडून खेचून धरलंय आणि त्याला जराही ढील उरलेली नाही, असं ते दिसत होतं. आरशातल्या माणसाकडे बघून त्यांना वाटलं, याचा कोट शिवायचा तर आता दोन्ही खांद्यांत भर घालावी लागेल. एवढंच वाटलं. स्वतःबद्दल काही वाटत नाही याचंही काही वाटलं नाही. पण पोरीचं ते वाट बघणं मात्र डोळ्यांपुढून जाईना. सगळ्या खोलीत तेवढीच एक शिवण तिरकी गेल्यासारखी. दुकानात असताना ते शिकाऊ कारागिरांना सांगायचे, आपल्या कापडावर कात्री चुकली तर रुमाल करावा. गिऱ्हाइकाच्या कापडावर चुकली तर आधी सांगावं, मग पाणी प्यावं. ही तर दुसऱ्याच्या कापडावर चाललेली कात्री होती. टेपची गुंडाळी करून त्यांनी सदरा घातला, बायकोला चिठ्ठी लिहिली, जाऊन येतो, आणि निघाले.

मोठे डॉक्टर त्यांच्या खोलीत एकटेच होते. "मास्टर? आज कसं काय?" मास्टर दारातच म्हणाले, "ती मुलगी बरोबर होती. मी खोटं बोललो." बसायला सांगितलं तरी ते बसले नाहीत. "डाव्या कुशीवर झोपतो. दोन महिने झाले. दम वाढलाय. तिनं विचारलं होतं." डॉक्टर उठले, दार लावलं, स्वतः त्यांचा सदरा वर केला आणि पाठीवर बोट ठेवून वाजवायला लागले. वर पोकळ, मध्ये पोकळ, आणि मग ठस्स. डॉक्टरांचं बोट तिथे वाजतच राहिलं, एकदा, दोनदा, पाचदा, जसं काही वाजवत राहिल्यानं आवाज बदलणार होता. मग त्यांनी सदरा खाली केला आणि स्वतःच खुर्चीत बसले. "मी बघायला हवं होतं," ते म्हणाले. "पडद्याच्या आत मी उभा होतो आणि मी कागद बघितला." मास्टर म्हणाले, "माझं राहू द्या. तिचं काय?" डॉक्टरांनी फोन उचलला, दोन-तीन ठिकाणी बोलले, आवाज चढवला, मग उतरवला. फोन ठेवून म्हणाले, "निकालाची यादी काल गेली." आणि थोड्या वेळानं, "का खोटं बोललात, मास्टर?" मास्टरांनी खरंच आठवून बघितलं. मग खाली वाकून सदऱ्याची दुमड सारखी केली.

त्याच दिवशी छातीचा फोटो काढला, आणि त्यांना वॉर्डात खाट मिळाली. पडद्याच्या आतली नाही, रुग्णांची. पाठीत सुई घालून थोडं पाणी तपासायला काढलं. डॉक्टरांनी सिरिंज चटकन आपल्या अंगाआड धरली, पण मास्टरांना रंग दिसला होता. विटकरी. बायको आली तेव्हा तिला सांगितलं, "थोडं पाणी झालंय, काढून टाकतील." "बरं," ती म्हणाली, आणि उशी आणायला घरी गेली. ती उशी घेऊन आली, दिवसभर बाहेरच्या बाकावर बसली, संध्याकाळी गेली, सकाळी पुन्हा आली. डॉक्टर येत, पाठीवर थोपटत, "बघू, रिपोर्ट येऊ दे," म्हणत. एकदा त्यांनी खाली बघून विचारलं, "मास्टर, पाणी पूर्ण काढायच्या आधी एक-दोन मुलांना डावी बाजू दाखवली तर... इतकं स्पष्ट सहसा मिळत नाही." विचारून झाल्यावर त्यांचा चेहरा कसनुसा झाला. मास्टर म्हणाले, "दाखवा की. पण आधी तिला बोलवा."

ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. पांढरा कोट नव्हता, नळी नव्हती. खाटेच्या पायाशी उभी राहिली आणि म्हणाली, "नापास झाले. आता सहा महिन्यांनी. वडिलांना अजून सांगितलं नाही." मास्टर उठून बसले. "मी सांगितलं मोठ्या डॉक्टरांना." "हो. त्यांनी सांगितलं मला. फार चांगलं बोलले." मग तिचा आवाज एकदम चढला. "मला वाटलं माझाच कान गेलाय! दोन दिवस मी वेड्यासारखी भिंती वाजवत होते, टेबल वाजवत होते, स्वतःची मांडी वाजवत होते. मांडीचा आवाज तसाच येतो, माहितीय? तोच होता. मग मला वाटलं, नाही, आपल्याला हवा तसा आवाज आपण ऐकतोय. तुम्ही माझ्याकडे बघून नाही म्हणालात, काका. बघून!" शेजारच्या खाटेवरचा म्हातारा कुशीवर वळला. मास्टर तिचं बोलणं ऐकत होते, आणि आठवडाभरात पहिल्यांदा त्यांना आपल्या अंगात काहीतरी हलल्यासारखं वाटलं. त्या वॉर्डात कुणीच त्यांच्यावर रागावलं नव्हतं. सगळे थोपटत होते.

"पुस्तकात चूक निघाली की पुस्तक कपाटात जातं," ते म्हणाले. "पुन्हा बोलावणार नाहीत असं वाटलं." मग थांबून म्हणाले, "नाही. तेही खरं नाही. नाही म्हणायची सवयच आहे मला. कुणीही विचारलं की आधी तेच येतं तोंडात."

ती स्टूल ओढून बसली. राग ओसरला नव्हता, पण तिनं तो बाजूला ठेवला, रेनकोट काढून ठेवावा तसा. मास्टर म्हणाले, "मला कुणी काही सांगत नाही. कुठवर आलंय ते?" ती हात एकमेकांवर चोळून त्यांच्या मागे गेली, वाजवलं, आणि नखानं एक बारीक रेघ ओढली. परीक्षेत बोट थांबलं होतं त्यापेक्षा बोटभर वर. "इथवर." "नुसतं पाणीच ना?" मास्टरांनी विचारलं. ती पुढे आली, समोर बसली. "मी नापास झालेली आहे, काका. माझं ऐकून काय करणार?" "तू एकटीच मागे तळापर्यंत आलीस," ते म्हणाले. "तूच सांग."

"लालसर निघालंय," ती म्हणाली. "फोटोत पाण्याच्या वर एक सावली आहे. रिपोर्ट यायचाय, पण वाईट असू शकतं. बहुतेक वाईट आहे."

भीती आली. खरीखुरी, लिफ्ट एकदम सुटावी तशी. मास्टरांनी खाटेची लोखंडी पट्टी घट्ट धरली. किती दिवस वाट बघितली होती, आणि ही आली होती. ती चांगली नव्हती, मुळीच चांगली नव्हती, पण ती त्यांची होती. मुलीनं हात पुढे केला नाही, पाणी आणायला धावली नाही. बसून राहिली.

"बाहेर बाकावर माझी बायको आहे," थोड्या वेळानं मास्टर म्हणाले. "निळ्या पिशवीवाली. तिला आत घेऊन ये. आणि आत्ता सांगितलंस ना, तसंच सांग. गोड करू नकोस."

"मी? सरांना विचारायला हवं."

"मी सांगतोय ना. छाती माझी आहे."

ती गेली. मास्टर खाटेवर एका बाजूला सरकले. बायको आत आली, जागा बघून बसली, पिशवी मांडीवर घेतली. मुलगी उभ्यानंच सांगायला लागली, "काकू, यांच्या डाव्या बाजूला जे पाणी झालंय..." बायको ऐकत होती. सावलीपर्यंत आल्यावर तिनं मध्येच विचारलं, "म्हणजे कॅन्सर?" इतक्या दिवसांत हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. मुलगी म्हणाली, "असू शकतो." बायकोनं मान हलवली. पिशवीचे बंद एकदा सोडले, पुन्हा बांधले. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "यांनी उजवीकडे वळणं सोडलं तेव्हापासून. रोज वाटायचं, आज सांगतील." मग पहिल्यांदाच नवऱ्याकडे बघून म्हणाली, "माझ्यापासून काय लपवायचं होतं हो?"

मास्टरांना रडू आलं. रडताना त्यांना दम लागला, म्हणून ते जरा थांबले, आणि मग पुन्हा रडले.